हंसाचे आईबाप

लग्नाआधी मला दोनच पक्षी ओळखता येत: कावळा आणि कावळा नसलेला. आता मात्र मी तळ्याच्या बांधावर थंडीत कुडकुडत उभा राहून हंसांच्या पोटांवर वाद घालू शकतो, आणि याचं सगळं श्रेय माझ्या बायकोच्या मुलीला आहे. 'बायकोची मुलगी' हे कानाला विचित्र लागतं, मलाही लागतं. पण ती मला 'आईचे मिस्टर' म्हणायची, तेव्हा फिट्टंफाट.

माझं चष्म्याचं दुकान आहे. बायको नर्स आहे. ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा चष्म्यावर बसली होती, दुसऱ्यांदा आली तेव्हा चष्म्यावर पेशंट बसला होता, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा चष्म्याला काहीच झालं नव्हतं. मी तसा चिडका आणि हट्टी माणूस, एकटा राहून जास्तच झालेलो. तरी तिनं मला पदरात घेतलं. तिचा पहिला नवरा मुलगी लहान असतानाच वारला होता. मुलगी आता सतरा वर्षांची. तिला घरीदारी सगळेच 'घार' म्हणतात, कारण तिची नजर. इतकी तीक्ष्ण नजर, की माझ्या धंद्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

घार माझ्याशी फार सभ्यपणे वागायची आणि तेच माझं दुखणं होतं. आईशी तिचं रोज कडाक्याचं वाजायचं. ओल्या टॉवेलवरून, उघड्या राहिलेल्या खिडकीवरून, कशावरूनही. माझ्या वाट्याला मात्र 'आभारी आहे', 'हरकत नाही', 'आपलं चालू द्या'. मला हाक मारायची वेळ येऊ नये म्हणून तर ती काय काय कसरती करायची! 'जेवण वाढलंय' हे ती फ्रिजला सांगायची आणि मी फ्रिजच्या वतीनं उठायचो.

तिनं मला बाबा म्हणावं असा माझा मुळीच आग्रह नव्हता. पण या घरात मी पाहुणा नाही, घरातलाच एक आहे, असं तिला एकदा तरी वाटावं, यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता. बायको म्हणायची, "घाई करू नकोस. ती आपलं आपण ठरवेल." सांगणाऱ्याचं काय जातं? तिला कोणी फ्रिजमार्फत जेवायला बोलावत नव्हतं.

संधी आली ती बुरशीच्या कृपेनं. घारीच्या तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीत बुरशी शिरली. मी काही न बोलता ती दुकानात नेली, उघडली, एकेक भिंग पुसलं, पुन्हा बसवलं. एक स्क्रू उरला, पण त्याच्यावाचून दुर्बिणीचं काही अडलेलं दिसलं नाही. घारीनं ती खिडकीशी लावून समोरच्या गच्चीवरचे कपडे न्याहाळले आणि म्हणाली, "छान दिसतंय. आभारी आहे." मग फ्रिजकडे वळून, "रविवारी तळ्यावर मंडळ जमतं. सगळ्यांच्याच दुर्बिणी खराब आहेत."

"मला बोलावलंय!" मी रात्री बायकोला म्हणालो.

"अरे, ती नुसती माहिती देत होती."

"पण कुणाला दिली? मलाच ना?"

रविवारी मी स्क्रू-ड्रायव्हर आणि भिंगं पुसायचं कापड घेऊन हजर झालो.

तळ्याच्या बांधावर एक बंद पडलेलं पंपघर आहे. आत गंजलेलं चाक, एक लांब बाक आणि पाण्याकडे उघडणारी अरुंद खिडकी. हिवाळाभर हंस मंडळाचा मुक्काम तिथेच. मंडळात माणसं बरीच असली तरी थंडीत उठून येणारी तीनच: अध्यक्ष, म्हणजे निवृत्त न्यायाधीश, दातांच्या डॉक्टरीणबाई, आणि आमची घार. न्यायाधीशसाहेबांनी निवृत्त झाल्यावर कोर्ट सोडलं नव्हतं, फक्त पंपघरात हलवलं होतं. तिथे हंसांची बाजू ऐकून घेतली जायची, साक्षी व्हायच्या आणि निकाल लागायचा.

मंडळाचा पहिला नियम साहेबांनी मला दारातच ऐकवला. "आधी अंग, मग नाव. काय दिसतंय ते सांगायचं. चोच कशी, मान कशी, पाय कसे. नाव सगळ्यात शेवटी. नाव आधी घेतलं की डोळे नावाप्रमाणे बघायला लागतात."

मला हे फार पटलं. मी लगेच दुर्बिणीला डोळा लावला आणि खड्या आवाजात सांगायला लागलो, "अंग पिवळं. गोल. मान दिसत नाही. पाण्यावर एकटाच आहे. हलतोय."

डॉक्टरीणबाईंनी बघितलं. "चोच?"

"चोच नाही. वर एक काळं झाकण आहे."

"तो तेलाचा कॅन आहे," घार खिडकीला म्हणाली. तिच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला असं मला वाटलं. साहेब गंभीरपणे म्हणाले, "वर्णन अचूक होतं." तेवढ्यावर मी मंडळात रुजू झालो.

पुढच्या रविवारपासून माझं शिक्षण सुरू झालं. घार शिकवायची, पण माझ्याकडे न बघता, सगळ्या पंपघराला उद्देशून. आमच्या तळ्यावर मुख्यतः दोन जातींचे हंस उतरतात. पट्टकदंब, म्हणजे फिकट राखाडी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेला. आणि कलहंस, म्हणजे जाडजूड, मातकट, नारिंगी-गुलाबी चोचीचा, सतत कुरकुरणारा. दुसऱ्याशी माझं लगेच जमलं.

"आणि या दोघांची जोडी जमली तर संकराचं पिल्लू होतं," घार म्हणाली. "चोच एकीकडची, मान दुसरीकडची. पण थव्यात असा संकर ओळखणं सगळ्यात अवघड."

"अवघड काय? जो कोणासारखाच दिसत नाही तो संकर."

"असं सगळेच म्हणतात आधी," ती सभ्यपणे म्हणाली. मग तिनं सांगितलं, की पहिल्या वर्षाच्या पिल्लांचे पट्टे पुसटच असतात, उन्हात रंग फसवतात, पिसं झडताना तर भलेभले ओळखू येत नाहीत. मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्याच सकाळी मी लागोपाठ अर्धा डझन संकर शोधून काढले. सगळ्यांची डोकी तांबूस-तपकिरी, अंग राखाडी. डॉक्टरीणबाईसुद्धा उठून उभ्या राहिल्या. मग त्या हंसांनी चिखलातून निघून पाण्यात बुड्या मारल्या आणि माझे सगळे संकर धुऊन निघाले.

घरी जाताना मी म्हणालो, "चिखल तरी किती!"

"हरकत नाही. होतं असं," घार म्हणाली. तिच्या आईनं हीच चूक केली असती तर तिला वर्षभर चिडवलं असतं. मला तेवढंही नशिबात नव्हतं.

मग ऐन हिवाळ्यात तो आला.

त्या सकाळी साहेब दुर्बिणीवर होते. त्यांनी एकदम श्वास आत घेतला आणि ओरडले, "पांढऱ्या कपाळाचा हंस!"

"साहेब, आधी अंग," डॉक्टरीणबाईंनी आठवण केली.

साहेब शरमले. पण त्यांचं तरी काय चुकलं? पांढऱ्या कपाळाचा हंस या तळ्यावर कधीच उतरला नव्हता. साहेब कोर्टात असल्यापासून त्याची वाट बघत होते. आम्ही आळीपाळीनं पाहिलं. खरंच, चोचीच्या मुळाशी कपाळावर पांढरा ठसठशीत डाग होता. अंग तपकिरी-राखाडी, पट्टकदंबांच्या मधोमध पोहत होता.

घारीनं सगळ्यात जास्त वेळ पाहिलं. "कपाळ पांढरं. पण गालही मळके पांढरे. डोक्यामागे धुरकट सावली आहे, पट्टा पुसल्यासारखी. चोच जाड, नारिंगी." ती थांबली. "संकर आहे."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. "पोट पाहिलंस? पांढऱ्या कपाळाच्या हंसाच्या पोटावर काळ्या आडव्या रेघा असतात. रेघा असतील तर तो, नसतील तर नाही. पोट बघितल्याशिवाय मी कोणाचंच ऐकणार नाही. माझंसुद्धा."

पोट पाण्याखाली होतं आणि मालकाला ते दाखवायची अजिबात घाई नव्हती.

घारीला मात्र घाई होती. हे हंस उत्तरेला जिथे अंडी घालतात तिथे उन्हाळ्यात संशोधकांचं शिबिर भरतं. बरोबर घेतात एखाद-दोघा नवशिक्यांना, तेही ज्याच्या नावावर आपल्या मंडळानं मान्य केलेली एखादी नोंद असेल त्यालाच. घारीच्या नावावर अजून एकही नोंद नव्हती. रोजच्या हंसांची नोंद कोणी विचारत नाही, आणि वेगळं काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. त्या शिबिराचं चित्र तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. हे मला बायकोनं सांगितलं. मला कपाटाच्या आत काय आहे हे कळायचं कारणच नव्हतं.

मग आम्ही रोज सकाळी तळ्यावर जायला लागलो. बायकोची सकाळची पाळी, म्हणून घारीला सोडायला मी, असं ठरलं. सोडायचं आणि परत यायचं, एवढंच खरं तर. पण मी तिपाई उचलायचो, भिंगावरचं दव पुसायचो, आणि मग आता आलोच आहे तर, असं म्हणत बाकावर टेकायचो. तो पांढरकपाळ्या पोहायचा, झोपायचा, उंच गवतात शिरून नुसती मान दाखवायचा. मी मनातल्या मनात त्याला शिव्या द्यायचो. त्याच्या पोटावर आमच्या घरातलं बरंच काही अवलंबून आहे, असं मला तेव्हा वाटायला लागलं होतं.

शेवटी एका रविवारी, सगळे हजर असताना, स्वारी चिखलाच्या उंचवट्यावर चढली, एका पायावर उभी राहिली आणि पंख पसरून तिनं झकास आळस दिला. पोट सगळ्यांना दिसलं. एकही रेघ नव्हती.

साहेबांनी डोळा काढला, रुमालानं भिंग पुसलं आणि पुन्हा लावला. भिंग स्वच्छच होतं. ते मीच पुसलं होतं. मला त्यांची फार दया आली.

"पोट कोरं आहे," ते म्हणाले. "पाय गुलाबीसर. पांढऱ्या कपाळाचा नाही." मग त्यांनी घसा साफ केला. "तुझं बरोबर आहे, घार. संकर असू शकतो. पण संकर असं आपण नुसतं म्हणून चालत नाही. नाहीतर ज्याचं नाव सुचत नाही त्याला ऊठसूट संकर म्हणतील लोक. आईबाप दाखव, नेहमीप्रमाणे दोन साक्षीदार आण, मी नोंद मान्य करतो."

हंसांचं एक बरं असतं. पिल्लं मोठी झाली तरी पहिला हिवाळा आईबापांना सोडत नाहीत. एवढ्या मोठ्या थव्यातही घर म्हणून एकत्र चरतात, एकत्र झोपतात. पण थव्यात सगळेच एकमेकांच्या शेजारी असतात. शेजारी कोण आणि घरचं कोण, हे कसं ओळखायचं? घारीनं त्याचं उत्तर मला एका सकाळी दिलं. मी विचारलं होतं, म्हणून.

"भांडण व्हावं लागतं," ती म्हणाली. "कोणी पिल्लावर धावून गेलं की बाप मान जमिनीलगत ताणून तुटून पडतो. हाकलून दिलं की परत घरच्यांकडे येतो. मग सगळे माना पुढे करून एकत्र ओरडतात. शेजारी कोणी तसं ओरडत नाही. घरचेच ओरडतात."

आम्ही भांडणाची वाट बघायला लागलो. एरवी ऊठसूट भांडणारे हंस, पण आमचा पांढरकपाळ्या निघाला गरीब. कोणी डोळे वटारले की बाजूला सरकायचा. "याच्यात कलहंसाचं काही दिसत नाही," मी वैतागून म्हणालो. घारीला एकदम हसू आलं. तिनं ते खोकल्यात घातलं.

ते घडलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना कोणाच्या तरी सुजलेल्या गालासाठी दवाखान्यात जावं लागलं होतं आणि साहेब सर्दीनं आडवे होते. ऊन चढायला लागलं होतं. पांढरकपाळ्या किनाऱ्यावर चरत होता. एक दांडगा हंस त्याच्या गवतावर हक्क सांगायला फुत्कारत आला आणि त्यानं याच्या पाठीची पिसं धरली.

"बघा, बघा! उजवीकडून!" घारीनं माझी बाही गच्च धरली.

उजवीकडून एक जाडजूड कलहंस निघाला, मान जमिनीला घासत, पंख फटकारत. त्यानं त्या दांडग्याला पार पाण्यात लोटला. पलीकडून एक पट्टकदंब मादी धावत येऊन पिल्लाला बिलगली. कलहंस छाती काढून परत आला आणि तिघांनी माना एकमेकांसमोर ताणून असा काही कल्ला केला, की पंपघरातलं गंजलेलं चाकसुद्धा थरथरलं असेल. मी उत्साहाच्या भरात मोबाइल काढून सगळं टिपलं. नंतर पाहिलं तर त्यात माझा अंगठा होता, थोडं आभाळ होतं, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझंच ओरडणं होतं: "अरे शाब्बास! हाण त्याला!"

घारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग तिच्या लक्षात आलं, की आपण कोणाची तरी बाही धरली आहे. तिनं ती सोडली, वर नीटही केली. "माफ करा," ती म्हणाली.

लढाई जिंकल्यावर असं तोंडात मारल्यासारखं कधी कोणाला झालं असेल का? मी तिपाई उचलली आणि मुकाट चालायला लागलो.

त्याच आठवड्यात गरम वारे सुटले आणि एका सकाळी तळं रिकामं झालं. सगळा थवा उत्तरेला गेला, पांढरकपाळ्या आणि त्याचे आईबापही गेले. आता जे काही व्हायचं ते साहेबांच्या घरी, हंगाम संपल्यावरच्या बैठकीत.

साहेबांच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही चौघंच बसलो. साहेबांचं नाक अजून लाल होतं. त्यांनी माझ्याच दुकानातून घेतलेलं चष्म्याचं घर टेबलावर आपटलं आणि कामकाज सुरू झालं. घारीनं उभं राहून सांगितलं. आधी अंग, मग भांडण, मग तिघांचं ओरडणं. एक शब्द जास्त नाही की कमी नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच पाणी प्यायलो.

"नर सोबत होता, मान्य," साहेब म्हणाले. "पण तो बाप कशावरून? आईचा नवा जोडीदार असेल. पिल्लू आधीच्या नराचं असेल."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं, आपण कोणासमोर काय बोललो. डॉक्टरीणबाई कपातल्या चहाकडे अशा बघायला लागल्या की जणू त्यात कोणाची तरी दाढ पडली आहे. मी छताचा पंखा न्याहाळला. पंखा बंद होता.

घार जराही डगमगली नाही. "असेल. नुसतं सोबत असण्यावरून मी बाप म्हणत नाहीच. चोच त्या नरासारखी जाड आणि नारिंगी आहे. डोक्यामागची सावली आईच्या पट्ट्यांच्याच जागी आहे. दोन्हीकडचं अंगावर दिसतंय."

"शाब्बास," साहेब सुटल्यासारखे म्हणाले. "मला पटलं. आता दुसरा साक्षीदार."

मी उठलो. पाहिलं ते सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. साहेब लिहीत होते. मग त्यांची लेखणी थांबली आणि चेहरा उतरला.

"अडचण आहे," ते म्हणाले. "एका कुटुंबातल्या दोघांची साक्ष एक धरली जाते. हा नियम मीच केलाय."

"माहितीये मला," डॉक्टरीणबाई कडवटपणे म्हणाल्या. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी मिळून पाहिलेलं एक दुर्मीळ घुबड याच नियमानं बाद झालं होतं. यजमानांनी त्या दिवसापासून पक्षी सोडले आणि बुद्धिबळ धरलं.

घारीचा चेहरा पांढरा पडला. तळ्यावर आता एकही हंस नव्हता. दुसरा साक्षीदार आणायचा तर पुढचा हिवाळा, आणि शिबिर या उन्हाळ्यात.

साहेब बराच वेळ चष्म्याचं घर उघडत-मिटत राहिले. माणूस कडक असला तरी घारीवर त्यांचा जीव होता. "पण कुटुंब म्हणजे काय, हे बघायला हवं," ते हळूच म्हणाले. "एका छपराखाली राहतात ते सगळेच कुटुंबीय नसतात. भाडेकरूही राहतात. घार, तू इथे नेहमी 'आईचे मिस्टर' असं म्हणत आलीस. म्हणजे नातं आईशी. तुझ्याशी नाही. तू तेवढं सांगितलंस की हे माझ्या कुटुंबातले नाहीत, तर मी यांची साक्ष धरतो. नोंद आज, आत्ता मान्य."

डॉक्टरीणबाईंनी जोरजोरात मान डोलावली. घार खाली बघत होती.

ती काय सांगणार हे मला ठाऊक होतं. ती खरं तेच सांगणार होती. ते तिच्या तोंडून, चारचौघांत, लिहून घेतलं जाताना ऐकायची माझी छाती नव्हती. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, तिला त्रास नको, शिबिर तिच्या पदरात पडू दे.

"अगदी बरोबर!" मी ताडकन उठलो. "साहेब, लिहा. मी हिचा कोणी नाही. ना रक्ताचा, ना नात्याचा. परका माणूस. मला घरात जेवायलासुद्धा फ्रिज बोलावतो! मी नुसता तिपाई उचलायला जातो. पाहिजे तर सही करतो."

"फ्रिज?" साहेब म्हणाले.

"लिहा तुम्ही. परका."

साहेबांनी लेखणी टेकवली.

"लिहू नका," घार म्हणाली.

"घार, विचार कर," साहेब म्हणाले. "शिबिर आहे."

"केला विचार." तिची मान ताठ होती. "ते घरचे आहेत. साक्ष बाद करा."

साहेबांनी लेखणीला टोपण लावलं. "साक्ष बाद," ते म्हणाले. मग नियमात बसत नसताना त्यांनी उठून घारीच्या डोक्यावर हात ठेवला.

मी पायऱ्या कसा उतरलो मला आठवत नाही. रस्त्यात घार माझ्या पुढे तरातरा चालली होती. मी मागून धावत तिला गाठलं.

"अगं, पण तुझं शिबिर…"

ती गर्रकन वळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुम्हाला कोणी विचारलं होतं मध्ये बोलायला? परका म्हणे! सही करतो म्हणे! लाज नाही वाटली? सगळ्यांसमोर फ्रिजचं काढलंत! आता त्या डॉक्टरीणबाई अख्ख्या गावाला सांगतील!"

"मला वाटलं, तुझी नोंद…"

"माझी नोंद माझी मी बघीन! पुढच्या वर्षी बघीन! आणि तुम्हाला एक साधा व्हिडिओ काढता आला असता तर ही वेळच आली नसती. एवढा मोठा अंगठा! दुकानात दिवसभर भिंगं घेऊन बसता, आणि अंगठा कुठे आहे ते कळत नाही? आणि दुर्बिणीतला तो स्क्रू कुठाय? मला काय माहीत नाही वाटतं? पहिल्याच दिवशी बघितलं मी! खुळखुळ वाजतंय आत!"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! आणि हळू चाला, तुमच्या गुडघ्याचं आईनं काय सांगितलंय?"

अशी ती घरापर्यंत बोलत राहिली. वाण्यासमोर बोलली, बसथांब्यावरच्या लोकांसमोर बोलली. लोक वळून बघत होते. एक आजोबा तर माझ्याकडे बघून सहानुभूतीनं चुकचुकले. मी चुकलं, चुकलं म्हणत तिच्या शेजारून चालत होतो, आणि माझ्या छातीत आनंद मावत नव्हता.

बायकोनं दार उघडलं. घार तिच्या बाजूनं आत घुसली. "काय झालं गं?" तिनं विचारलं.

"यांनाच विचार!" घार ओरडली आणि तिच्या खोलीचं दार धाडकन आपटलं. मग ते पुन्हा उघडलं. "आणि मनवायला येऊ नका! तासभर तरी येऊ नका!" दार पुन्हा आपटलं.

बायकोचा चेहरा काळजीनं एवढासा झाला. तिनं माझा दंड धरला. "भांडलात तुम्ही दोघं?"

"हो," मी म्हणालो. मला हुंदकाही येत होता आणि हसूही आवरत नव्हतं. "कडाकडा भांडलो."